तयार तुकड्यांचा कॉन्कोर्स: विमानतळाच्या मॉड्यूलर बांधणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१० मार्च २०२४ रोजी सांबऱ्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळाच्या, नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये चहाच्या वेळी हमखास विमानतळाचा विषय निघतो. मी स्ट्रक्चरल स्टीलच्या कामात आहे. ड्रॉइंग काढायची, शॉपमध्ये माल तयार करून घ्यायचा, साइटवर उभा करायचा, हेच आयुष्यभर केलं. त्यामुळे डिप्लोमाला असलेले पुतणे, खानापूरकडचे ठेकेदार, निपाणीचे पाहुणे, सगळे मलाच विचारतात. परदेशात कॉन्कोर्सचे अख्खे तुकडे रात्रीत चालवत नेऊन बसवतात त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागल्यापासून तर फारच. खालचे प्रश्न त्या सगळ्यांचे आहेत.

कॉन्कोर्स म्हणजे विमानतळाचा नेमका कुठला भाग?

सामान देऊन, तपासणी होऊन आपण ज्या लांबट दालनात जाऊन बसतो आणि जिथून विमानात चढतो, तो कॉन्कोर्स. त्याच्या दोन्ही अंगांना गेटं असतात, गेटांना एरोब्रिज, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत जाणारा झाकलेला पूल, आणि एरोब्रिजला विमान. अलीकडचा भाग, म्हणजे चेक-इनचे काउंटर, बॅगांचे पट्टे, सुरक्षा तपासणी, हे मुख्य टर्मिनल. जुन्या वाड्याच्या हिशेबानं टर्मिनल म्हणजे दिंडीदरवाजा आणि सदर, आणि कॉन्कोर्स म्हणजे मागं लांबवर गेलेली पडवी.

मुंबईचं टी-२ वरून पाहिलं तर इंग्रजी एक्स अक्षरासारखं दिसतं. त्या एक्सचे पाय म्हणजे कॉन्कोर्स. सांबऱ्याला सप्टेंबर २०१७ मध्ये जी इमारत सुरू झाली तिच्यात हे दोन भाग वेगळे दाखवता येत नाहीत. तपासणी झाली की समोरच बसायचं, आणि विमानापर्यंत जमिनीवरूनच जायचं. लहान विमानतळाला ते पुरतं. विमानं वाढली की मात्र सगळी एका दालनाला चिकटू शकत नाहीत, कारण पंखांना जागा लागते. मग इमारतीला लांब हात काढावा लागतो.

मॉड्यूलर म्हणजे पोर्टा केबिनच ना?

नाही, पण प्रश्न चुकीचा नाही. कल्पनेचं मूळ तिथंच आहे: खोली एका जागी करायची आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची.

आपल्याकडे तीन तऱ्हांची कामं होतात आणि बोलताना लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली, सगळं जागेवर: सेंट्रिंग, सळ्या, काँक्रीट, गवंडी. दुसरी पीईबी, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग: कारखान्यातून कापून, भोकं पाडून आलेले कॉलम आणि राफ्टर साइटवर बोल्टनं जोडायचे. पोल्ट्रीच्या शेडपासून साखर कारखान्याच्या गोदामापर्यंत आपल्या भागात सगळीकडे हेच दिसतं. तिसरी तऱ्हा मॉड्यूलर. त्यात इमारतीचा एक अख्खा काप दुसरीकडे तयार होतो. सांगाडा असतोच, शिवाय मजल्याचा स्लॅब, छत, काचा, एसीचे डक्ट, वायरिंगचे ट्रे, पाण्याचे पाइप आणि कधी कधी टाइल्स लावून झालेली स्वच्छतागृहंसुद्धा त्यात बसवलेली असतात. मग तो काप तसाच आणून शेजारच्या कापाला भिडवायचा. बेकरीतली पावाची लादी सगळ्यांनी पाहिली आहे. इथं पाव वेगवेगळे भाजतात आणि लादी जागेवर येऊन होते.

एवढा खटाटोप कशासाठी? जागेवरच का बांधत नाहीत?

कारण विमानतळ बंद ठेवता येत नाही. बाकीची सगळी कारणं याच्या मागून येतात, आणि हे एक नीट समजलं की मॉड्यूलर कॉन्कोर्सचं जवळजवळ सगळं डिझाइन समजतं.

घराचं काम काढलं तर आपण दोन महिने भाड्याच्या घरात राहतो. चालत्या विमानतळाला तशी सोय नसते. विमानं येत-जात असतात आणि त्यांच्या शेजारी तुम्हाला लोखंड उभं करायचं असतं. शेवटचं विमान गेल्यावर आणि पहाटेचं पहिलं यायच्या आत जे चार-पाच तास मिळतात, त्यांतला तासभर माणसं आणि गाड्या आत घेऊन दिवे लावण्यात जातो, आणि शेवटचा तास झाडून-पुसून जागा परत ताब्यात देण्यात. हातात राहतात दोन-तीन तास. एवढ्या वेळात जागेवर वेल्डिंग, प्लंबिंग, फॉल्स सीलिंग करायचं म्हटलं तर वर्षं लागतील. म्हणून वेळखाऊ कामं यार्डात, म्हणजे काप तयार करायच्या मोकळ्या जागेत, दिवसाउजेडी करायची आणि रात्रीच्या त्या दोन-तीन तासांना फक्त आणणं, बसवणं आणि बोल्ट कसणं ठेवायचं.

झाडून-पुसून म्हणतो ते अगदी शब्दशः. टॅक्सीवेवर, म्हणजे विमानाच्या धावपट्टीपर्यंतच्या वाटेवर, पडलेला एक नट विमानाचं इंजिन आत ओढून घेऊ शकतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान कोसळून ११३ माणसं गेली. त्याची सुरुवात धावपट्टीवर पडलेल्या सुमारे ४३ सेंटीमीटर लांबीच्या धातूच्या पट्टीनं टायर फाटण्यातून झाली होती. त्या दिवसानंतर मी माझ्या प्रत्येक हेल्परला कमरेला पिशवी बांधायला लावली आणि मोजून दिलेले नट मोजून परत घ्यायला लागलो, काम विमानतळाचं असो वा गोठ्याचं.

दुसरी अडचण क्रेनची. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना हवेत एक अदृश्य उतार धरलेला असतो आणि त्याच्या वर काहीही जाऊ द्यायचं नसतं. जिथं विमानं उपकरणांच्या आधारानं उतरतात त्या मोठ्या इन्स्ट्रुमेंट धावपट्टीला मध्यरेषेपासून साधारण १४० मीटरपर्यंत मोकळी पट्टी सोडतात आणि तिच्या कडेपासून हा उतार १ ला ७ या प्रमाणात चढतो. म्हणजे कडेपासून ७० मीटर लांब गेलात तर १० मीटर उंचीची मुभा. क्रेनचा ४० मीटरचा बूम, म्हणजे लांब हात, उभा करायचा तर मध्यरेषेपासून ४२० मीटर लांब जायला हवं, नाहीतर खास परवानगी काढून विमानं नसतानाच क्रेन वर करायची. तयार तुकडा चाकांवरून आला तर तो जमिनीलगत येतो आणि आपल्या उंचीपेक्षा फार वर जात नाही.

म्हणजे हे स्वस्त पडतं का?

इमारतीच्या चौरस फुटाचा दर काढाल तर बहुतेकदा नाही. उचलताना आणि चालवताना येणारा ताण सोसायला जास्तीचं लोखंड लागतं, यार्ड तयार करावं लागतं, वाहनं भाड्यानं आणावी लागतात. वाचतं ते बंद न ठेवावं लागलेल्या गेटांचं उत्पन्न. ठेकेदाराच्या बिलात ते दिसत नाही, विमानतळाच्या वहीत दिसतं.

डिझाइन कुठून सुरू होतं?

विमानाच्या पंखापासून. वास्तुविशारदाचं चित्र त्यानंतर येतं.

आपल्याकडे दिसणारी एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ ही विमानं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'सी' गटात येतात. या गटात पंखांचा पसारा ३६ मीटरच्या आत. शेजारच्या विमानाच्या पंखापासून किमान ४.५ मीटर मोकळे हवेत. म्हणजे दोन गेटांच्या मध्यांमधलं अंतर साधारण ४०.५ मीटर. आता हे ४०.५ मीटर हाताळता येतील अशा कापांत वाटायचे. तीन काप केले तर प्रत्येक १३.५ मीटरचा. एका गेटाला तीन मॉड्यूल असा हिशेब बसला की कॉलमच्या ओळी, काचेच्या चौकटी, खुर्च्यांच्या रांगा, दिव्यांचं अंतर, सगळं त्या १३.५ च्या पटीत बसवता येतं. चांगल्या कॉन्कोर्समध्ये चालताना एक ठेका जाणवतो तो असा येतो. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण पद्धत खरी हीच.

उंचीचंही तसंच. ७३७ च्या दाराचा उंबरा जमिनीपासून पावणेतीन मीटरच्या आसपास असतो, ए-३२० चा साडेतीनच्या जवळ. कॉन्कोर्सचा मजला त्याहून वर असतो आणि मधला फरक एरोब्रिजच्या उतारानं भरून काढतात. तो उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होत नाही आणि बसलेल्या माणसालाही भीती वाटत नाही. आपल्या लहान मार्गांवर येणाऱ्या एटीआर-७२ ची गोष्ट निराळी. तिचं दार खूप खाली, पुढं प्रोपेलर. तिला सहसा एरोब्रिज लावतच नाहीत. ज्या विमानतळावर निम्मी विमानं एटीआर असतील तिथं खालच्या मजल्यावरूनही प्रवासी बाहेर सोडायची सोय मॉड्यूलमध्ये पहिल्यापासून धरावी लागते. ती विसरली की मग म्हाताऱ्या माणसांना वर चढवून परत जिन्यानं खाली उतरवलं जातं. असं मी पाहिलं आहे आणि पाहून वाईट वाटलं आहे.

रुंदीच्या बाबतीत अमेरिकेतल्या अटलांटाच्या विमानतळाचं उदाहरण बोलकं आहे. तिथला 'डी' कॉन्कोर्स सुमारे १८ मीटर रुंद होता. खुर्च्या, चालायची वाट, दुकानं, स्वच्छतागृहं सगळं त्यातच, त्यामुळे गर्दीत माणसं एकमेकांच्या बॅगांवर अडखळायची. तो ३० मीटरपर्यंत रुंद करायचं काम चालू गेटांच्या शेजारी, १९ तयार मॉड्यूल रात्री आणून बसवत हाती घेतलं गेलं, आणि सगळं पुरं व्हायचं लक्ष्य २०२९ ठेवलं. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानतळावर दुसरा मार्गच नव्हता.

एक मॉड्यूल केवढं असतं? उद्यमबागेत बनवून ट्रेलरवर नेता येईल का?

अख्खं मॉड्यूल नाही. आपल्या मोटार वाहन नियमांत गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत धरलेली आहे. त्याहून मोठा माल न्यायचा तर खास परवाना, पुढं-मागं गाड्या, रात्रीचा प्रवास. कॉन्कोर्सचा काप दहा-पंधरा मीटर रुंद आणि तीस मीटर लांब असू शकतो. तो तिसऱ्या रेल्वे गेटाकडून शहरात आणून बागलकोट रोडनं सांबऱ्याला नेण्याचा विचारही करू नका.

म्हणून अशा कामांत यार्ड विमानतळाच्याच हद्दीत किंवा भिंतीला लागून असतं. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर आठ गेटांचा एक उपकॉन्कोर्स याच रीतीनं, हद्दीतच दुसरीकडे बांधून आणि मग जागेवर नेऊन उभारला गेला. कारखान्यातून यार्डापर्यंत येतात ते सुटे भाग: गर्डर, ट्रसचे तुकडे, जिन्यांच्या चौकटी, पाइपांचे तयार जुडगे. ते सगळं उद्यमबागेत होऊ शकतं. ओतकामात आपल्या गावाचं नाव आहे, आणि हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये विमानांचेच सुटे भाग मायक्रॉनच्या मापात तयार होतात. अचूक मापाची सवय या मातीला नवी नाही.

एवढा मोठा काप हलवतात कसा?

एसपीएमटी नावाच्या वाहनांवर. आपापल्या इंजिनावर चालणारा, चाकांच्या जोड्यांच्या रांगा असलेला तो एक सपाट पाट असतो. उंची साधारण दीड मीटर. प्रत्येक जोडी स्वतंत्र वळते आणि हायड्रॉलिकनं स्वतंत्र वर-खाली होते. एका आडव्या रांगेला तीस-चाळीस टन पेलतात. ४०० टनांचा काप असेल तर २४ रांगा लावल्या की रांगेमागं सतरा टनांच्या आसपास येतात, आणि तेवढ्यावरच थांबलेलं बरं, कारण वाहन पेलेल पण खालची जमीन पेलेल असं नाही. ड्रायव्हर वर बसत नाही. गळ्यात रिमोट अडकवून तो शेजारून चालतो आणि अख्खी इमारत त्याच्या चालीनं चालते. जागच्या जागी फिरते, खेकड्यासारखी आडवीही जाते.

बेळगावात वाढलेल्या माणसाला हे कळायला फार वेळ लागू नये. शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर चित्ररथ निघतात. किल्ल्याचा देखावा, त्यावर उभे कलाकार, दिवे, जनरेटर, सगळं ट्रॉलीवर. पुढं दोघं-तिघं लांब बांबू घेऊन चालतात आणि विजेच्या तारा वर उचलून धरतात. लहानपणी आम्ही देखाव्याकडे बघायचो. या धंद्यात आल्यापासून मी त्या बांबूवाल्यांकडे बघतो. त्यांनी आदल्या दिवशी सगळी वाट पायी चालून कुठली तार खाली आहे, कुठं चढ आहे, कुठल्या वळणावर ट्रॉली अडते हे पाहिलेलं असतं. मॉड्यूल हलवण्याआधी नेमकं हेच करतात. वाटेतली प्रत्येक गटाराची जाळी, केबलचा डक्ट, फरसबंदीचा उतार मोजतात, जिथं जमीन कच्ची तिथं जाड पोलादी पत्रे अंथरतात आणि रिकामं वाहन एकदा चालवून बघतात.

दोन तुकडे एकमेकांना बरोबर बसतात कसे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण या कामाचा जीव जोडात आहे. बाकी सगळं वजन आणि पैसा.

आधी माझीच एक चूक सांगतो. चिकोडीकडे एका कारखान्याच्या शेडचं काम होतं, ३० मीटरचा गाळा. एप्रिल महिना. पायाच्या अँकर बोल्टांच्या खुणा मी भर दुपारी मारून घेतल्या. पोलादी टेप सकाळपासून उन्हात अंथरलेली होती. गर्डर इकडं शॉपमध्ये सावलीत, बरोबर मापात तयार झाला. आठवड्यानं पहाटे उचलला, एक टोक बसलं आणि दुसऱ्या टोकाची भोकं तीन सूत, म्हणजे सेंटीमीटरभर, मागं. क्रेन गर्डर धरून उभी, भाडं तासावर चाललेलं, आणि मी गुण्या-ओळंबा घेऊन शॉपची चूक शोधतोय. आमचे म्हातारे फिटर खाली बसून अँकर बोल्टांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सायेब, टेप उन्हात टाकून मोजलासा व्हय?" तेवढ्यातच कळलं. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३० मीटर लांबी आणि ३० अंशांचा फरक धरला तर जवळपास ११ मिलिमीटर. टेप लांबली होती, म्हणून मी मारलेलं ३० मीटर खरं ३० मीटर ११ मिलिमीटर झालं होतं. बेसप्लेटची भोकं लांबट करून ते काम कसंबसं निभावलं. झोप मात्र बरेच दिवस नीट लागली नाही.

मॉड्यूलर कॉन्कोर्समध्ये हे निभावता येत नाही, कारण तिथं एका जोडात शंभर-दीडशे बोल्ट एकदम जुळावे लागतात आणि पहाटे विमान येणार असतं. म्हणून सगळी मापं एका ठरलेल्या तापमानाला, बहुधा २० अंशांना, धरून लिहितात. टेपऐवजी टोटल स्टेशननं, म्हणजे तिपाईवरच्या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रानं, मोजतात आणि त्या वेळचं लोखंडाचं तापमान नोंदवून दुरुस्ती करतात. शेजारी-शेजारी येणारे दोन काप यार्डातच एकमेकांना लावून, बोल्ट घालून पाहतात आणि मग सोडवतात. जमलं तर एका कापाचं टोक बांधतानाच शेजारच्या कापाचं टोक त्याला साचा म्हणून वापरतात. रात्री काम करण्याचा इथं आणखी एक फायदा होतो. ऊन नसल्यामुळे दोन्ही कापांचं लोखंड जवळजवळ एकाच तापमानाला असतं.

बसवताना काप आपल्या जागेच्या थोडा वर आणून थांबवतात. खालच्या बेसवर निमुळत्या गाईड पिन असतात. हायड्रॉलिक हळूहळू सोडलं की भोकं त्या पिनांवर उतरतात आणि शेवटचे काही मिलिमीटर पिनाच काप सरळ करतात. खाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून लेव्हल आणतात, नंतर उरलेल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरतात. मग बोल्ट. ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, टॉर्क रेंचनं ठरलेल्या क्रमानं कसायचे, मधून बाहेरच्या बाजूला. ज्या दोन प्लेटा एकमेकींना चिकटणार त्या जागी रंग लावायचा नाही, तेल लागू द्यायचं नाही. हा जोड घर्षणावर धरतो आणि चुकून मारलेला एक हात रंग त्याची पकड घालवतो. कसून झाल्यावर नट आणि प्लेट यांच्यावरून मार्करनं एक सरळ रेघ ओढतात. पुढं कधी नट सैलावला तर रेघ तुटलेली दिसते. विजेरी घेऊन अशा रेघांवरून नजर फिरवत जाणं हे पहाटे साडेतीनचं काम आहे आणि ते कंटाळून करायचं नसतं.

प्रत्येक जोड घट्ट नसतो हेही सांगायला हवं. शे-दीडशे मीटरचा कॉन्कोर्स दिवसभरात लांबतो, रात्री आखडतो. म्हणून ठरावीक अंतरावर दोन कापांमध्ये मुद्दाम फट सोडतात, दोन्हीकडे स्वतंत्र कॉलम देतात आणि फटीवर सरकणारी पट्टी बसवतात.

सांबऱ्याकडच्या काळ्या मातीत असं काही टिकेल का?

टिकेल, पण पायावर खर्च करावा लागेल. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, पूर्वेला सांबरा, बाळेकुंद्रीकडे काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, पाया घालणाऱ्याला त्रासाची. आपल्याकडचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे खाली बल्बसारखा फुगवटा असलेला अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तो अशाच मातीसाठी विकसित केला. फुगवटा हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतो आणि वरची माती कितीही फुगली तरी कॉलम वर उचलला जात नाही.

मॉड्यूलर कामात याचं महत्त्व दुप्पट. जागेवर बांधताना एखादा पाया पाच मिलिमीटर खाली गेला तर गवंडी वर सांभाळून घेतो. इथं वरचा काप ताठ, मापात आणि तयार असतो. खालचा पाया हलला की वरची काच तडकते. शिवाय ज्या वाटेनं शेकडो टनांचा काप चालणार ती वाटही याच मातीवर असते, आणि ते काम जूनच्या आत उरकायला हवं.

भूकंप आणि पावसाचं काय?

२०१६ च्या भारतीय मानकाच्या नकाशात बेळगाव तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याचं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या धक्क्याची आठवण आमच्या घरात अजून निघते. बोल्टनं जोडलेलं पोलाद भूकंपात चांगलं वागतं. फक्त प्रत्येक काप एकटा उभा असताना, चालवताना आणि जोडल्यावर अशा तिन्ही अवस्थांत तपासावा लागतो. उघड्या बाजूंना तात्पुरते ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, लावतात ते यासाठी.

पावसाची काळजी मला जास्त वाटते. इमारत गळते ती जोडातच, आणि मॉड्यूलर इमारतीत जोडच जोड. चांगला उपाय असा की प्रत्येक कापाचं पाणी त्या कापातच आत वळवून पाइपानं खाली काढायचं, जोडाकडं जाऊच द्यायचं नाही. जोडाच्या दोन्ही अंगांना छतावर उंच कड घ्यायची आणि वरून टोपी घालायची, खानापूरच्या कौलाचा एक ओठ दुसऱ्यावर चढतो तशी. यार्डात असतानाच नळीनं तासभर पाणी मारून बघायचं. मृग लागल्यावर आत बादल्या ठेवण्यापेक्षा ते बरं.

छताचंच निघालं म्हणून अमेरिकेतल्या पोर्टलंडबद्दल सांगतो. तिथं ९ एकरांचं लाकडी छत धावपट्टीजवळच्या मोकळ्या जागेत तुकड्यांनी तयार केलं, रात्री चालवत आणून चालू टर्मिनलच्या डोक्यावर बसवलं आणि १४ ऑगस्ट २०२४ रोजी ती इमारत लोकांना खुली झाली. वजन आठ हजार टनांच्या घरात. खाली प्रवाशांची ये-जा कामभर चालूच होती.

भारतात असं काही झालंय का?

मुंबईचं टी-२ याचं जवळचं नातेवाईक आहे. नवी इमारत जुन्या टर्मिनलला अगदी खेटून उभी करायची होती आणि जुनं बंद करायचं नव्हतं. म्हणून तो एक्स आकार आला: जुन्या इमारतींना वळसा घालत, एकसारख्या टप्प्यांत वाढवता येणारा. २०१४ मध्ये ते सुरू झालं. तिथं आख्खे काप चालवत आणले नाहीत, पण टप्प्याटप्प्यानं, एकाच मापाच्या पुनरावृत्तीनं वाढायचं हा विचार तोच. बंगळूरच्या टी-२ मधलं बांबूचं छत पाहायला गेलात तर एक चौक धरून तो किती वेळा परत येतो हे मोजत चाला, डिझाइनर कसा विचार करतो ते कळेल.

आपल्यासारख्या लहान विमानतळाला या सगळ्याचा उपयोग काय?

मोकळी जागा असेल, रात्री विमानं नसतील, तर नवी इमारत जागेवर बांधणंच शहाणपणाचं. उपयोग पुढं आहे, गेटं वाढवायची वेळ येईल तेव्हा.

आपल्या गल्लीत घर बांधताना गच्चीवर कॉलमच्या सळ्या तशाच वर सोडतात. पोराचं लग्न होईल, वरचा मजला चढेल, या आशेनं. दहा वर्षांत त्या गंजतात, आणि मजला चढवायची वेळ येते तेव्हा इंजिनिअर म्हणतो की खालचा पाया तेवढा नाहीच. मला विमानतळाच्या बाबतीत हे व्हायला नको आहे. कॉन्कोर्सच्या शेवटच्या भिंतीला कुणी शेवटची समजू नये. तिथली चौकट पुढच्या कापाचा भार धरून डिझाइन करावी, बोल्टची भोकं आधीच पाडून झाकून ठेवावीत, भिंतीचे पत्रे सोडवता येतील असे असावेत. वीज, पाणी, एसी, आग विझवायची लाइन यांचे पाइप त्या टोकापर्यंत जास्तीच्या आकारात आणून बंद करावेत. पुढच्या ५०-६० मीटर जमिनीखाली कुणी टाकी किंवा केबल पुरू नये. यात आज जाणारा पैसा थोडा आहे. ते केलं नाही तर वीस वर्षांनी चालू इमारतीची भिंत फोडावी लागते आणि धूळ प्रवाशांच्या नाकात जाते.

प्रवाशाला फरक जाणवतो का?

जाणवू नये. फरशीवर जोडाच्या जागी बारीक पट्टी दिसते, एवढंच. बॅगेचं चाक तिथं अडखळलं तर काम नीट झालेलं नाही असं समजावं. माझी एक आग्रहाची मागणी आवाजाबद्दल असते. पोलाद, काच आणि दगडी फरशी यांच्यात घोषणा घुमते आणि नेमका गेट नंबर कळत नाही. छताच्या पॅनेलला मागून आवाज शोषणारा थर यार्डातच लावणं सोपं असतं. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजीला घोषणा एकदाच ऐकून कळायला हवी.

मुलगा सिव्हिल डिप्लोमा करतोय. या कामात जायचं तर काय शिकावं?

व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, आपल्याच गावात आहे, पॉलिटेक्निकं, आयटीआय आहेत, पुस्तकी शिक्षणाची कमतरता नाही. त्याच्या जोडीला तीन गोष्टी धरा. टेक्लासारख्या सॉफ्टवेअरवर स्टीलचं डिटेलिंग, कारण मॉड्यूल आधी संगणकात अख्खं जुळवतात आणि पाइप गर्डरला धडकतो की नाही ते तिथंच बघतात. दुसरं, वेल्डिंगची परीक्षा. स्वतः वेल्डर व्हायचं नसलं तरी द्यावी, म्हणजे दुसऱ्याचं वेल्ड तपासताना काय बघायचं ते हाताला कळतं. तिसरं टोटल स्टेशन. आमच्याकडे येणारी बरीच मुलं ड्रॉइंग छान काढतात आणि साइटवर दोन बिंदूंमधलं अंतर विचारलं की गप्प होतात.

सुट्टीत शिकायला येणाऱ्या मुलांना मी शॉपच्या अंगणात पहिलं काम एकच देतो. ३० मीटरवर दोन खुणा मारायच्या, सकाळी साडेसहाला मोजायच्या, दुपारी दोनला त्याच टेपनं पुन्हा मोजायच्या आणि दोन्ही आकडे, शेजारी तापमान लिहून, वहीत ठेवायचे.